घरच्या घरी व्हील बेअरिंग आणि हब बदलताना: जोर कुठून जातो ते बघा

गाडीने पन्नासचा वेग ओलांडला की केबिनमध्ये घोंघाट सुरू होतो. वेग वाढेल तसा तो चढतो, आणि क्लच दाबून इंजिनाचे फेरे खाली आणले तरी कमी होत नाही. म्हणजे आवाज इंजिनाचा नाही, चाकाबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी आहे. संशयित दोनच: टायर किंवा बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं कडं). टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. गुळगुळीत डांबरावर एक, खरबरीत काँक्रीटवर दुसरा. बेअरिंगच्या आवाजाला रस्त्याशी देणंघेणं नसतं. मोकळ्या रस्त्यावर तोच वेग ठेवून स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे झुलवलं की आणखी उलगडा होतो. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर जातो, त्यामुळे उजवीकडे झुकताना आवाज वाढत असेल तर संशय डाव्या बाजूवर. हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो, पण एवढ्यावर भाग मागवू नये. बेअरिंगमधल्या गोळ्यांच्या दोन रांगांपैकी कुठली खराब झाली आहे त्यावरही आवाजाची वागणूक बदलते.

खात्री हातानेच होते. चाक उचलून, स्टँडवर घेऊन, वर-खाली म्हणजे बाराच्या आणि सहाच्या जागी धरून हलवलं. खटखट लागली तर चूक बेअरिंगची किंवा बॉल जॉइंटची, म्हणजे सस्पेन्शनच्या गोल सांध्याची. नक्की कुणाची ते ठरवायला दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगमधला, कारण डिस्क आणि कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा चिमटा) आवळले गेले की हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग, आणि नकल, म्हणजे त्याला धरणारा न फिरणारा भाग, एकजीव होतात. तरीही खेळ राहिला तर बॉल जॉइंट बघा. आडवं धरून, म्हणजे नऊ आणि तीनच्या जागी हलतंय पण वर-खाली हलत नाही, तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक. आणि एक गोष्ट लक्षात ठेवावी: खेळ अजिबात नसतानाही बेअरिंग गेलेलं असतं. कड्याच्या पृष्ठभागाचा पापुद्रा सुटला असेल तर घरघर खूप होते, पण ढिलेपणा शेवटी येतो. अशा वेळी एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवायचं. चांगल्या बेअरिंगचं काही जाणवत नाही. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून थेट बोटांना कळते. कानाला न ऐकू येणारं सुद्धा इथे सापडतं.

भाग मागवण्याआधी गाडीत कुठल्या प्रकारचं बेअरिंग आहे ते बघून घ्यायला हवं, कारण दोन्ही कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एका प्रकारात बेअरिंग आणि हब एकत्र तयार येतात, मागून तीन किंवा चार बोल्टने नकलवर आवळलेले. हे घरी आरामात होतं. दुसऱ्या प्रकारात बेअरिंग म्हणजे नुसतं कडं. ते नकलच्या भोकात दाबून बसवलेलं, सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कड्याने) अडवलेलं, आणि हब त्याच्या आतल्या कड्यात दाबलेला. त्याला प्रेस लागतो, नाहीतर आट्याच्या दांड्यावर चालणारा बेअरिंग बसवण्याचा संच. जुन्या गाड्यांच्या मागच्या चाकांना तिसरा प्रकार असतो, दोन टेपर बेअरिंगची जोडी आणि स्प्लिट पिनचा नट. तिथे आवळण्याची रीतच वेगळी असल्याने तो इथे घेत नाही. भाग मागवताना गाडीचा चॅसिस नंबर द्यावा. एकाच मॉडेलमध्ये एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेला आणि नसलेला हब वेगळा असतो, आणि दोन्ही दिसायला सारखे.

पूर्ण कामाला धरून ठेवण्यासारखं सूत्र एकच आहे: जोर कधीही गोळ्यांमधून जाऊ द्यायचा नाही. बेअरिंगचं बाहेरचं कडं आणि आतलं कडं यांच्यामध्ये फक्त गोळ्या आहेत, आणि गोळी कड्याला जेमतेम एका ठिपक्याएवढ्या जागी टेकते. गाडी चालताना भार सतत जागा बदलत फिरत असतो, म्हणून तो पेलला जातो. हातोडीचा घाव किंवा प्रेसचा दाब एकाच जागी पडला की त्या ठिपक्याखालचं पोलाद कायमचं दबतं. खड्डा डोळ्यांना दिसतही नाही, पण नवं बेअरिंग पहिल्याच फेरीला गुणगुणायला लागतं. जुनं काढताना कितीही ठोका, ते टाकायचंच आहे. नव्याला मात्र हा नियम प्रत्येक पायरीवर लागू, आणि खाली जिथे जिथे 'असं करू नका' लिहिलं आहे त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण आहे.

हत्यारांत दोन गोष्टींवर तडजोड नको. एक, अ‍ॅक्सल नटचं, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टच्या टोकावरच्या मोठ्या नटचं, सहा कोनी सॉकेट. माप बहुतेक गाड्यांत ३०, ३२ किंवा ३६ मिमी, आधी मोजून घ्यावं. दुसरी, ३०० न्यूटन-मीटरपर्यंत जाणारा टॉर्क रेंच. चाकाच्या नटांसाठी घेतलेला छोटा रेंच इथे अपुरा पडतो. बाकी लांब टॉमी बार आणि त्यावर चढणारा पाइप, जॅक, दोन स्टँड, लाकडी ठोकळे, गंज सोडवणारं तेल, ब्रेक क्लीनर, वायर ब्रश, बारीक पॉलिश पेपर, अरुंद छिन्नी, इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर, आणि कॅलिपर टांगायला जाड तार. आदल्या संध्याकाळी अ‍ॅक्सल नट, हबचे मागचे बोल्ट आणि हब नकलमध्ये शिरतो ती कड या तिन्ही जागी तेल मारून ठेवलं तर दुसऱ्या दिवशीचं निम्मं भांडण मिटतं. डिस्कवर मात्र तेलाचा थेंब पडता कामा नये.

सुरुवात अ‍ॅक्सल नटपासून, आणि तीही चाक जमिनीवर असताना. हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये टाकून, उरलेल्या चाकांना ठोकळे लावून मधली टोपी काढली. नटाची पातळ कड शाफ्टच्या खाचेत ठोकून अडकवलेली असते. ती अरुंद छिन्नीने पूर्ण उचलायची. अर्धवट उचलून नट फिरवला तर ती कड शाफ्टचे आटे खरवडत येते, आणि शाफ्टचे आटे गेले म्हणजे शाफ्टच गेला. मग सॉकेट लावून, पाइप चढवून, सावकाश वजन टाकत नट 'कट्ट' करून सुटेपर्यंतच फिरवला. पाव फेऱ्याच्या आत थांबायचं. बेअरिंगचं आतलं कडं दोन तुकड्यांचं असतं आणि या नटानेच ते घट्ट धरलेलं असतं. नट सैल करून गाडीचं वजन चाकावर ठेवलं की कडी फाकतात आणि गोळ्या कडेवर चढतात. जुनं बेअरिंग टाकायचं असेल तर नुकसान नाही, पण हेच काम कधी शाफ्टसाठी किंवा त्याच्या रबरी बूटसाठी उघडलं आणि बेअरिंग चांगलं असेल, तर ते इथेच मरतं. सैल नटावर गाडी ढकलूसुद्धा नये.

चाकाचे नटही याच वेळी सैल केले, मग गाडी उचलून स्टँडवर टेकवली. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवावं; स्टँड निसटला तर तेवढाच आधार.

कॅलिपर काढताना तो ब्रॅकेटसकट काढला की पॅड जागेवर राहतात. मागून दोन बोल्ट, बहुतेक १७ किंवा १९ नंबरचे. डिस्कच्या कडेला झिजून धार उभी राहिली असेल तर पॅड अडतात. स्क्रू ड्रायव्हरने पिस्टन किंचित मागे रेटला की ब्रॅकेट सुटतो. कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगायचा. ब्रेकच्या रबरी नळीवर (होजवर) लोंबकळत ठेवला तर आतून रबर चिरतं आणि बाहेरून काही दिसत नाही. डिस्कला एखादा फुलीच्या खाचेचा स्क्रू असतो, तो साध्या पेचकसाने फिरवला की डोकं घासतं; इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर टेकवून हातोडी मारली की सुटतो. डिस्क हबला चिकटली असेल तर तिच्यावर बरेचदा आटे पाडलेली दोन भोकं दिसतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की डिस्क स्वतःच वर येते.

एबीएस सेन्सरकडे थोडं थांबून बघायला हवं. तो नकलमध्ये १० नंबरच्या एका बोल्टने बसवलेला असतो, आणि त्याचं प्लास्टिकचं नाक ज्या भोकात शिरतं तिथे भोवताली गंज फुगून ते आवळून धरतो. वायर ओढून तो कधीच निघत नाही, फक्त वायर तुटते. आधी बोल्ट काढून, तेल टाकून, सेन्सरचं कानाचं टोक चिमट्यात धरून डावी-उजवीकडे अगदी थोडं थोडं फिरवायचं. हलायला लागला की फिरवत फिरवतच वर घ्यायचा. हबमध्येच सेन्सर असेल तर वायरचा कनेक्टर आत मडगार्डच्या बाजूला किंवा स्ट्रटजवळ (स्प्रिंग धरणाऱ्या उभ्या खांबाजवळ) असतो. तिथून प्रत्येक क्लिपमधून वायर सोडवत यायचं, आणि ती कुठून कशी वळली होती याचा फोटो घेऊन ठेवायचा. नवी वायर चुकीच्या वळणाने गेली तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ताणली जाते, नाहीतर टायरला घासते.

आता शाफ्ट हबमधून मागे सरकवायचा. अ‍ॅक्सल नट शाफ्टच्या टोकाशी सपाट होईल इतका उलटा फिरवून ठेवला आणि पितळी पंच मध्यभागी टेकवून घाव घातले. नट असल्याने आट्यांचं तोंड फुगत नाही. चार घावांत हलला नाही तर हातोडी मोठी करू नये, पुलर लावावा. शाफ्ट जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर आत गेला तरी पुरतो. तो बाहेरच्या दिशेने मात्र ओढायचा नाही. गिअरबॉक्सच्या बाजूचा आतला जॉइंट सुटू शकतो.

हबचे मागचे बोल्ट नकलच्या पाठीमागे, शाफ्टच्या भोवती असतात. स्टिअरिंग एका बाजूला वळवून एक, दुसऱ्या बाजूला वळवून दुसरा, असं करत पोचावं लागतं. बोल्टच्या डोक्यातला चिखल आणि गंज वायर ब्रशने काढल्याशिवाय सॉकेट चढवू नये. अर्धवट बसलेलं सॉकेट डोकं गोल करतं. काही गाड्यांत हे बोल्ट बारा कोनी डोक्याचे असतात, तिथे बारा कोनीच सॉकेट लागतं. सगळे बोल्ट पाच-सहा मिमी बाहेर घ्यायचे आणि थांबायचं, पूर्ण काढायचे नाहीत.

कारण खरी लढाई इथून पुढे आहे. बोल्ट सुटले म्हणून हब सुटत नाही. नकल बिडाचा असेल तर तांबडा गंज, अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर पांढरी भुकटी. दोन्ही हबला भोकात जखडून टाकतात. पहिला उपाय: अर्धे बाहेर असलेल्या बोल्टच्या डोक्यावर जुनं सॉकेट ठेवून आळीपाळीने मागून ठोकायचं. सगळे बोल्ट थोडे थोडे, एकाच बोल्टवर जोर नको, नाहीतर हब तिरका होऊन आणखी आवळतो. बोल्ट नवे घ्यायचे नसतील तर हे फार वेळ करू नये, आटे दबतात. दुसरा उपाय माझ्या मते सगळ्यांत चांगला: बोल्ट पूर्ण काढून हबच्या न फिरणाऱ्या फ्लँजच्या (पसरट कडेच्या) कानावर बाजूने, स्पर्शरेषेत घाव घालायचा. म्हणजे हब बाहेर न येता भोकातल्या भोकात किंचित फिरतो. उलट बाजूने घाव घातला की परत येतो. दोन्ही बाजूंनी फिरवत राहिलं, मधून तेल सोडलं, की गंज पीठ होऊन गळायला लागतो. सरळ ओढण्यापेक्षा फिरवून गंज तोडणं कितीतरी सोपं, कारण गंज घासला जातो, चिरडला जात नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या नकलवर मात्र घाव हबच्या कानावरच पडला पाहिजे. नकलचा कान तुटला तर सगळंच महागात पडतं.

ज्या गाड्यांत चाकाला स्टडऐवजी बोल्ट असतात तिथे तिसरा मार्ग आहे. चाकाच्या बोल्टच्या आट्यांत तेवढ्याच आट्यांचे लांब बोल्ट आतल्या बाजूला बाहेर पडतील असे लावायचे, त्यांच्या टोकाखाली नकलवर लोखंडी पट्टी ठेवायची आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळायचे. जोर सगळा गोळ्यांमधून जातो, पण हे बेअरिंग टाकायचंच आहे. कधी कधी हब बेअरिंगमधून उपटून हातात येतो आणि बाहेरचं कडं नकलमध्येच राहतं. तेव्हा घाबरून जाऊ नये, कड्याचे कान अजून शाबूत आहेत. त्यांवर तोच फिरवण्याचा प्रयोग चालतो.

हब निघाल्यावरची अर्धा तास साफसफाई कंटाळवाणी असते आणि सगळ्यांत जास्त फळ देते. नकलच्या भोकाच्या कडेला गंजाचं कडं जमलेलं असतं, ते वायर ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने काढायचं. कानस नको, भोकाचं माप बिघडलं तर परत आणता येत नाही. फ्लँज जिथे टेकते तो सपाट पृष्ठभाग बोटाने चाचपून बघायचा, एकही खडा जाणवता कामा नये. इथे कचरा राहिला तर बोल्ट आवळताना बाहेरचं कडं वेडंवाकडं ओढलं जातं, आणि कचरा पुढे चिरडला गेला की बोल्ट आपोआप सैल होतात. ब्रेक करताना पायाला जाणवणारी थरथर मात्र या पृष्ठभागातून येत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. नकल फिरत नाही. तिथला तिरकेपणा अक्षाला थोडा कलवेल, डिस्क डुलवणार नाही. डिस्क डुलते ती फिरणारा हब आणि डिस्क यांच्यामधल्या गंजाने. हबच्या कडेला ०.०३ मिमीचा कण अडकला तर तो कल डिस्कच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोचताना साधारण दुप्पट होतो, कारण कडेची त्रिज्या जवळपास दुप्पट असते. डिस्कच्या डुलण्याची मर्यादा अनेक गाड्यांत ०.०५ ते ०.१ मिमीच्या आसपास धरतात. म्हणजे एका कणाने ती सगळी संपू शकते. म्हणून डिस्कची आतली बाजूही तेवढीच घासून घ्यावी. फक्त नवा हब लावून जुन्या गंजासकट डिस्क चढवणं ही या कामातली सर्वांत जास्त दिसणारी चूक.

नव्या हबच्या बाबतीत एक काळजी वेगळी. बऱ्याच बेअरिंगच्या आतल्या बाजूच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते आणि एबीएस सेन्सर तिचे आळीपाळीने येणारे ध्रुव मोजतो. बाहेरून ती नुसतं काळं रबर दिसते. ती चुंबकी ट्रेमध्ये ठेवू नये, स्पीकरजवळ ठेवू नये, आणि जिथे घासाई चालली आहे तिथे उघडी ठेवू नये, कारण लोखंडाचा भुसा तिला जाऊन चिकटतो. संरक्षक टोपी असेल तर ती बसवायच्या क्षणीच काढावी.

नकलच्या भोकात कॉपर ग्रीसचा अगदी पातळ हात दिला. सेन्सरच्या जागेपासून लांब. मागचा पत्रा, म्हणजे डस्ट शील्ड, हब आणि नकलच्या मध्ये जातो. तो आधी ठेवायला विसरलं तर सगळं परत उघडावं लागतं. हब हाताने सरळ सरकत टेकला पाहिजे. अर्ध्यावर अडला तर बोल्ट आवळून ओढून घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. काढावा, भोक परत बघावं, पुन्हा बसवावा. अडलेला हब बोल्टने ओढला की तो तिरका होतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या नकलचे आटे सोलले जातात. बोल्ट आधी बोटांनी, मग थोडे थोडे आळीपाळीने, शेवटी टॉर्क रेंचने. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्यावा. बहुतेक छोट्या गाड्यांत तो ८० ते १३० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो.

अ‍ॅक्सल नट नवाच. जुन्याची कड एकदा वाकवून उघडली की दुसऱ्यांदा त्याच ठिकाणी धरत नाही. आवळताना हब फिरू नये म्हणून डिस्क आणि कॅलिपर आधी बसवून दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरलेला चांगला, म्हणजे चाक हवेत असतानाच नट पूर्ण आवळता येतो आणि सैल नटावर वजन टाकायची वेळ येत नाही. नटाचा टॉर्क गाडीगणिक साधारण १८० ते ३०० न्यूटन-मीटर, काहींत ठराविक टॉर्कनंतर पुढे किती अंश फिरवायचं तेही दिलेलं असतं. हवेच्या गनने तो आवळू नये. गन किती जोर लावते ते कळत नाही, आणि या नटाचा जोरच आतल्या दोन कड्यांना एकमेकांवर दाबून धरतो. कमी पडला तर कडी फाकून थोड्याच दिवसांत खेळ येतो. जास्त झाला तर शाफ्टचे आटे ताणले जातात. आवळून झाल्यावर नटाची कड खाचेत ठोकायची, पण धारदार छिन्नीने नाही, ती कड चिरते. बोथट, गोल टोकाच्या पंचाने ती खाचेत आत दाबायची.

दाबून बसवायच्या बेअरिंगचं काम याच वाटेने जातं, फक्त नकल गाडीवरून काढावा लागतो. स्ट्रटचे बोल्ट काढण्याआधी त्यांची जागा खुणेने आखून ठेवावी, काही गाड्यांत त्यांतूनच कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, ठरतो. नकल बाहेर आला की हब प्रेसने ढकलून काढायचा. तो निघताना बेअरिंगचं आतलं एक कडं बहुतेक वेळा त्याच्याबरोबर येतं. ते काढायला ग्राइंडरने कड्याला एक तिरकी खाच पाडायची, जाडीचा तीन चतुर्थांश भाग कापला जाईल इतकीच, हबच्या पृष्ठभागाला चाक लागू न देता. मग खाचेत छिन्नी ठेवून एक घाव. कडक पोलाद असल्याने कडं तडकतं आणि मोकळं होतं. चष्मा घालायलाच हवा, कपच्या सुटतात. हबची ती गोल जागा नंतर नीट बघावी. निळसर झालेली किंवा कडं फिरल्याने झिजलेली असेल तर हबही नवा घ्यावा, नव्या बेअरिंगला तो धरणार नाही. सर्क्लिप काढून बाहेरचं कडं नकलमधून दाबून काढलं की खाच आणि भोक साफ करायचं.

बसवताना सूत्र परत आठवा. नकलमध्ये बेअरिंग दाबताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर. जुन्या बेअरिंगचं बाहेरचं कडं किंचित घासून यासाठी वापरता येतं, व्यास आपोआप जुळतो. हब दाबताना उलट: आतल्या कड्याला मागून आधार, नकल हवेत. इथे नकल टेकवून हब दाबला तर सगळा दाब गोळ्यांमधून जातो आणि बेअरिंग बसायच्या आतच संपतं. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं तर काम हलकं होतं. ७२ मिमी व्यासाचं कडं खोलीच्या तापमानावरून तिथल्या उणे अठरापर्यंत गेलं की सुमारे ०.०३ ते ०.०४ मिमी आखडतं, आणि घट्ट बसवणीचा बराचसा हिस्सा तेवढ्यातच निघतो. बेअरिंगला ज्योत मात्र दाखवू नये, सील आणि ग्रीस जातं. चुंबकी पट्टीची बाजू आत, सेन्सरकडे. दोन्ही बाजू सारख्या वाटल्या तर एक साधी पेपर क्लिप दोऱ्याला लटकवून जवळ न्यावी, चुंबकी बाजू तिला हलकेच ओढते. उलटं बसलं तर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं पुन्हा काढावं लागतं, शिवाय दाबून काढलेलं बेअरिंग पुन्हा वापरता येत नाही. आट्याच्या दांड्याचा संच वापरत असाल तर आट्यांना भरपूर ग्रीस लावा आणि हातानेच आवळा. पूर्ण टेकलं की पाना एकदम जड होतो. तेव्हा सर्क्लिपची खाच पूर्ण उघडी दिसली पाहिजे. खाच अर्धवट झाकलेली असेल तर बेअरिंग अजून बसलेलं नाही, सर्क्लिप जबरदस्तीने घालू नये.

सगळं जोडून झाल्यावर डस्ट शील्डचा पत्रा डिस्कला घासत नाही ना ते बघावं, हाताने वाकवून मोकळा करता येतो. कॅलिपर ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्कला, मॅन्युअल सांगत असेल तर लॉकटाइट लावून. चाक चढवण्याआधी हब हाताने फिरवून बघितला. नव्या सीलचा हलका चिवट प्रतिकार जाणवतो, खरखर जाणवता कामा नये. गाडी खाली घेऊन चाकाचे नट आडव्या-तिडव्या क्रमाने आवळले. आणि गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल कडक होईपर्यंत अनेकदा दाबायचं. पिस्टन मागे रेटलेला असतो. हे विसरलं तर पहिल्या ब्रेकला पाय तळाला जातो.

पहिली फेरी सावकाश, मोकळ्या जागेत. एबीएसचा दिवा बहुतेक गाड्यांत थोडं अंतर चालल्यावर आपोआप विझतो. विझला नाही तर आधी कनेक्टर पूर्ण बसलाय का, मग सेन्सर भोकात पूर्ण टेकलाय का, ते बघावं. भोकातला गंज सेन्सरला वर उचलतो आणि अंतर वाढतं. घोंघाट तसाच राहिला तर बेअरिंग खराब निघालं असं लगेच म्हणू नये. पुढची आणि मागची टायर अदलाबदल करून आवाजाची जागा बदलते का बघा. टायरचे ठोकळे लाटेसारखे झिजलेले असतील तर ते बेअरिंगसारखेच वाजतात. नाहीतर दुसऱ्या बाजूचं बेअरिंग ऐका. आवाज केबिनमध्ये ज्या बाजूने येतो असं वाटतं, तो नेहमी त्याच बाजूचा असतो असं नाही. बोल्टने बसणाऱ्या हबच्या कामात चाकांची अलाइनमेंट हलत नाही. नकल काढला असेल तर ती करून घ्यावी.

जुनं बेअरिंग फेकण्याआधी ग्राइंडरने कापून उघडून बघावं, पुढच्या वेळचं शहाणपण तिथे असतं. ग्रीस तांबूस आणि पातळ झालं असेल तर सील फुटून पाणी गेलं. हबवर जोराच्या धारेने पाणी मारणं हे त्याचं एक नेहमीचं कारण. कड्यावर गोळ्यांच्या अंतराने समान खड्डे पडलेले असतील तर मोठा धक्का, खड्डा किंवा फुटपाथची कड. कड्याच्या एकाच भागात पापुद्रा सुटलेला असेल तर भार सतत तिथेच येत होता. रुंद स्पेसर किंवा बाहेर आलेल्या रिमवर चालणाऱ्या गाड्यांत हे दिसतं. निळा रंग म्हणजे उष्णता. अडकलेला कॅलिपर तपासा, नाहीतर नवं बेअरिंगही त्याच वाटेने जाईल.

साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा टॉर्कला तपासावेत. अ‍ॅक्सल नट तेव्हा पुन्हा आवळायचा नाही, फक्त त्याची खाचेत ठोकलेली कड जागच्या जागी आहे ना ते बघायचं. कड सरकलेली दिसली तर तो नट काढून दुसरा नवा लावावा.